अस्वलाच्या कपाळावरचा भोवरा

तिला ऑफिसात सगळे फणी म्हणायचे. खरं नाव होतं तिला, हजेरीच्या कार्डावर छापलेलंही होतं, पण ते कार्ड गळ्यात उलटं फिरायचं आणि नाव छातीला चिकटून राहायचं. तिथे माणसं कामावरूनच ओळखली जायची. सिनेमातलं एखादं जनावर कॉम्प्युटरवर उभं करायचं तर आधी हाडंवाला सांगाडा लावणार, मग कातडीवाली त्यावर कातडं ओढणार, डोळेवाला डोळे बसवणार आणि सगळ्यांच्या शेवटी केस. केस फणीकडे.

आता केस म्हणजे काय चार-दोन नव्हेत. एका अस्वलाला नऊ लाख. त्यातले साडेतीन-चार हजार फणी स्वतःच्या हातानं लावायची, बाकीचे त्यांच्या आजूबाजूला सॉफ्टवेअर उगवून द्यायचं, गवत उगवतं तसं. पण पडायचं कुठल्या बाजूला, वळायचं कुठे, दाट कुठे, विरळ कुठे, हे सगळं तिनं सांगायचं. दिवसभर माऊस हातात धरून ती अस्वल विंचरत बसायची. शेजारणीनं एकदा विचारलं, "काम काय गं करतेस तिथे?" फणीनं सांगितलं. शेजारीण म्हणाली, "म्हणजे बापाचाच धंदा की! फक्त गिऱ्हाईक बोलत नाही."

खोटं नव्हतंच ते. फणीच्या बाबांचं सलून होतं. दोन खुर्च्या, समोरासमोर आरसे, कोपऱ्यात एक रेडिओ, जो लागला की बंद व्हायला मागायचा नाही. दहावीत गणितानं फणीला दोनदा लोळवलं. तिसऱ्या वेळी तिनंच गणिताला रामराम ठोकला आणि सलूनमध्ये येऊन झाडू हातात घेतला. चार वर्षं तिनं लोकांचे केस झाडले, आणि झाडता झाडता बघितले. कुणाचा केस कुठे उभा राहतो, कुणाचा मानेवर कसा मुरडतो, सगळं. मग सलूनच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरचा क्लास निघाला. तिथली शिकलेली पोरं कुत्र्याला केस लावायची तर कुत्रा झाडूसारखा दिसायचा. फणीनं लावले तर मास्तर म्हणाले, "ह्याला आंघोळ घातलीस का?" तिथून ती ह्या ऑफिसात आली. तीन महिने कामावर ठेवून बघू, मग कायम करायचं की नाही ते ठरवू, असं बोलणं झालं.

तिकडे बाबांचा हात थरथरायला लागला होता. वस्तरा त्यांनी खणात ठेवून दिला होता, आता फक्त कात्री आणि कंगवा. दाढीचं गिऱ्हाईक तोडलं, पण बोलणं वाढलं. जो खुर्चीत बसेल त्याला ऐकावंच लागायचं. "आमची पोरगी अस्वलाचे केस करते. हसू नका. सिनेमातलं अस्वल. पोस्टरवर येणार आहे." गिऱ्हाईक मान हलवायचं, कारण कात्री कानाजवळ असली की माणूस मान हलवतोच. अख्ख्या गल्लीला आता ते अस्वल माहीत झालं होतं.

अस्वल माहीत झालं होतं आणि तीन महिने संपायला पाच दिवस राहिले होते, तेव्हा सोमवारी मोठे साहेब आले. मोठे साहेब म्हणजे सिनेमा काढणारे. त्यांनी पहिल्यांदाच अस्वल केसांसकट बघितलं. पडद्यावर त्याचा चेहरा आला, दोन माणसांएवढा. साहेब पुढे वाकले.

"ह्याच्या कपाळाला टक्कल पडलंय का?"

"टक्कल नाही साहेब, भोवरा आहे," फणी म्हणाली. "खऱ्या जनावरालाही असतो."

"खऱ्याचं मला काय करायचंय? खरं आणायचं असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? पोस्टरवर हेच कपाळ येणार. शुक्रवारी तीन वाजता येतो. भोवरा नको."

"होऊन जाईल साहेब," मागून आवाज आला. "बटण आहे त्याला."

हे गुळगुळीत सर. केस, कातडं आणि डोळे ह्या तीन खात्यांचे प्रमुख. दाढी गुळगुळीत, बोलणं गुळगुळीत, टेबल तर इतकं गुळगुळीत की त्यावर कधी काम सांडलेलंच नसायचं. मागच्या भिंतीवर चार सर्टिफिकेटं, काचेत. सॉफ्टवेअरमध्ये 'स्मूथ' नावाचं एक बटण होतं आणि सरांचा त्याच्यावर जेवढा विश्वास होता तेवढा स्वतःच्या बायकोवर नसेल.

साहेब गेल्यावर सर फणीच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"तुझे तीन महिने शुक्रवारीच संपतात ना?"

"हो सर."

"मग सोपं आहे. तू आणि भोवरा, दोघांपैकी एकच राहील."

एवढं बोलून ते चहाला गेले. डोळेवाला आपल्या खुर्चीतून पुटपुटला, "ह्याची कुणीतरी बिनपाण्यानं केली पाहिजे." फणी म्हणाली, "माझ्या बाबांनी वस्तरा ठेवून दिलाय. नाहीतर मीच घेऊन आले असते."

मंगळवारी सर स्वतः बसले. म्हणाले, ह्या दहावी नापास पोरांना हत्यारं वापरता येत नाहीत, बघ कसं करतात ते. कपाळावर बटण दाबलं. केस सळसळले, गुळगुळीत झाले, भोवरा गायब. सरांनी मान वळवून सगळ्यांकडे बघितलं, जसं काही अस्वल त्यांनीच जन्माला घातलंय.

"सर, गाल," डोळेवाला म्हणाला.

भोवरा डाव्या गालावर निघाला होता. सरांनी गालावर बटण दाबलं. तो कानामागे गेला. कानामागे दाबलं तर एकाचे तीन झाले, दोन मानेवर, एक हनुवटीखाली. दुपारपर्यंत सर त्या अस्वलाच्या अंगभर उंदीर शोधल्यासारखे भोवरे शोधत होते. संध्याकाळी एक पोटावर सापडला, बेंबीसारखा. कातडीवाली म्हणाली, "सर, हा राहू द्या, शोभतोय." सरांनी तिच्याकडे असं बघितलं की तिनं पुढचे दोन तास पाण्याची बाटलीसुद्धा उचलली नाही.

बुधवारी सरांनी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीला पत्र पाठवलं, की तुमचं बटण बिघडलंय. कंपनीचं उत्तर दुपारीच आलं, चांगलं दोन पानी. सरांनी वरची आभाराची ओळ वाचली आणि म्हणाले, "हे लोक काही कामाचे नाहीत." पण पत्राची एक प्रत सगळ्यांना आली होती. डोळेवाल्यानं ते खालपर्यंत वाचलं आणि फणीला बोलावलं.

"हे बघ. बिघाड नाही म्हणतात. गणित आहे म्हणे. चेंडूला सगळीकडून केस असतील आणि ते सगळे चापून विंचरायचे म्हटलं, तर एक तरी भोवरा राहणारच. कुणाच्याही बापाला चुकणार नाही."

"अस्वल म्हणजे चेंडू?"

"त्यांच्या लेखी चेंडूच. हातपाय असलेला."

फणी खुर्चीत टेकली. ज्या गणितानं दोनदा शाळेबाहेर काढलं, ते आता नोकरीतूनही काढायला आलं होतं. मेलं पाठच सोडत नव्हतं.

गुरुवारी ती लवकर निघाली आणि थेट सलूनमध्ये गेली. दोन्ही खुर्च्या भरलेल्या. एकीत एक पोस्टमन, दुसरीत एक गालफुगे काका, नंबर लागायची वाट बघत आरशात स्वतःला न्याहाळत. बाबांनी तिच्याकडे आरशातूनच बघितलं.

"काय गं, अस्वल झोपलं का लवकर?"

"बाबा, भोवरा काढायचा असेल तर काय करायचं?"

"कुणाचा?"

"अस्वलाचा."

बाबा हसले नाहीत. कंगवा पोस्टमनच्या डोक्यात तसाच ठेवून वळले. "भोवरा काढता येत नाही. केस आहेत तिथे भोवरा आहे. पार टक्कल केलं तर जातो, पण मग केसच गेले."

"मला दोन आहेत," गालफुगे काका म्हणाले. "लहानपणी सगळे म्हणायचे ह्याची दोन लग्नं होणार. बायको अजून उशिरा आलो की डोक्याकडे बघते."

"तुम्ही गप्प बसा हो," बाबा म्हणाले, आणि पोस्टमनचं डोकं दोन्ही हातांनी धरून फणीकडे वळवलं, जसं काही ते त्याचं नव्हतंच. "हा बघ. ह्याचा भोवरा पुढे होता, कपाळाच्या वर. वीस वर्षं मी ह्याचे केस कापतोय. दाबून बसवला असता तर काय झालं असतं? दुसऱ्या दिवशी उठला असता, दुप्पट. दाबायचं नाही. लांबून यायचं. जिथून केस निघतात तिथून हळूहळू वळवत आणायचे, आणि त्याला सांगायचं, बाबा रे, तू इथे नको, तिकडे जाऊन बस. त्याला बसायला जागा द्यायची. जागा दिली की तो बसतो."

त्यांचा हात थरथरत होता, पण कंगवा नव्हता थरथरत.

"कुठली जागा द्यायची?"

"जिथे कुणी बघत नाही ती."

फणी म्हणाली, "कळलं." पोस्टमन म्हणाला, "आता माझं डोकं सरळ करू का?"

"आणि जमलं नाही, तर?" बाबांनी एकदम हळू विचारलं.

"तर झाडू कुठे ठेवलाय?"

अख्ख्या गल्लीला सांगितलेलं ते अस्वल बाबांच्या घशात अडकल्यासारखं दिसलं.

शुक्रवारी सकाळी आठला ऑफिस उघडलं तेव्हा फणी दारात होती. सरांनी दाबून दाबून केलेलं सगळं तिनं पुसलं. नाकापासून सुरू केलं. एकेक केस मागे, कपाळावरून, कानांच्या कडेनं, पाठीवरून, पोटावरून, कुठेही घाई नाही, कुठेही बटण नाही. सगळे केस मागे मागे वळवत नेले, आणि सगळ्यांना मिळून एक जागा दिली. पावणेतीनला तिनं माऊस सोडला. बोटं आखडली होती. डोळेवाल्यानं अस्वल सगळीकडून फिरवून बघितलं, मागून बघितलं, आणि टेबलावर डोकं ठेवून हसला.

तीन वाजता साहेब आले. पडद्यावर चेहरा आला. कपाळ असं, की हात फिरवावासा वाटावा.

"वा! कुठे गेला?"

"मी स्वतः बसलो साहेब," सर म्हणाले. "बटणाचंच काम आहे, पण हात लागतो त्याला. ह्या मुलांना अजून ते येत नाही. हिचा तर आज शेवटचा दिवस."

डोळेवाल्यानं फणीला कोपर मारलं. तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं होतं. पण तिला काही करायची गरजच पडली नाही, कारण साहेब खुशीत आले होते.

"मग पाठीवर पण अजून जरा गुळगुळीत करा की. दाबा बटण, आम्हालाही बघू दे जादू."

"आत्ता?"

"मग काय पुढच्या महिन्यात?"

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. पण चार सर्टिफिकेटं मागे असताना माणूस नाही कसं म्हणणार? त्यांनी सगळ्या अंगावर एकदम बटण दाबलं. अस्वलाच्या पाठीवरून एक लाट गेली, मानेवरून पुढे आली, केस इकडे तिकडे सरकले, आणि दोन डोळ्यांच्या बरोब्बर मधोमध भोवरा उगवला. थाळीएवढा.

कातडीवालीला ठसका लागला.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"केसांची जबाबदारी हिच्याकडे आहे साहेब," सर म्हणाले.

काम दोन मिनिटांपूर्वी सरांचं होतं, आता पोरीचं झालं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

"माझ्याचकडे आहे," फणी उठून म्हणाली. "साहेब, भोवरा जात नसतो. इथून हाकलला की तिथे निघतो. कंपनीनं तसं पत्रही पाठवलंय, दोन पानी, सरांना वाचायला वेळ मिळाला नाही. मी त्याला सकाळपासून समजावून एका जागी बसवला होता. सरांनी उठवला."

"कुठे बसवला होतास?"

"बसायच्या जागी."

"कुणाच्या?"

"अस्वलाच्या, साहेब. दुसऱ्या कुणाच्या बसवणार?"

डोळेवाला खुर्चीतून खाली गेला. साहेबांनी आधी फणीकडे बघितलं, मग सरांकडे, मग ते असे हसले की डोळे पुसावे लागले.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"बाबांनी."

"कुठल्या स्टुडिओत असतात?"

"सलून आहे त्यांचं."

"बसव परत," साहेब म्हणाले. "जिथे होता तिथेच. आणि सर, ह्या बटणाला तुम्ही हात लावू नका. आणि हिचा शेवटचा दिवस म्हणजे काय? अस्वल काय अर्धवट विंचरून सोडणार तुम्ही?"

कायम केल्याचं पत्र सोमवारी आलं. त्यात लिहिलं होतं की सरांच्या मार्गदर्शनाखाली हिनं चांगली प्रगती केली. सही सरांची, गुळगुळीत. फणीनं ते पत्र सलूनमधल्या आरशाखालच्या फळीवर पसरलं, आणि बाबांनी मार्गदर्शनाच्या ओळीवर तुरटीची वडी ठेवून दिली.

सिनेमा लागला तेव्हा बाबा अर्ध्या गिऱ्हाइकांना घेऊन गेले. पोस्टमन, गालफुगे काका आणि त्यांच्या दोन लग्नांची भीती बाळगणारी काकू. एक गोष्ट मात्र साहेबांच्या दिग्दर्शकानं केसवाल्यांना न विचारताच केली होती. शेवटी अस्वल हिरोचा निरोप घेऊन जंगलात जातं, आणि जातं ते पाठमोरं. हळूहळू. कॅमेरा त्याच्या मागून हलायला तयार नाही. सगळं थिएटर हुंदके देतंय आणि पडद्याच्या मधोमध तो भोवरा, दरवाजाएवढा, डावीकडून उजवीकडे डोलत चाललाय.

फणीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाबा उभे राहिले.

"तो बघा! तो! माझ्या पोरीनं बसवलाय!"

"अहो काका, खाली बसा," पुढची बाई नाक पुसत म्हणाली. "ते बिचारं कायमचं चाललंय."

"जाऊ दे की," बाबा म्हणाले. "पण केस बघा, किती व्यवस्थित चाललेत."