हिरामण गप्प व्हायचा तेव्हा

हिरामण गेल्याचं मला राकेशने, म्हणजे त्याच्या पुतण्याने, फोनवर सांगितलं. मी कळव्याच्या मार्केटमध्ये बोंबील निवडत उभा होतो. ‘‘काका, आपला हिरामणकाका गेला...’’ एवढंच बोलला आणि रडायला लागला. मासेवालीने पिशवी पुढे केली, ती मी घेतली की नाही तेही आठवत नाही. त्याला जाऊन आता महिना होत आला. तरी लिहायला बसलो की हात थांबतो. असल्या माणसाबद्दल काय लिहिणार, कप्पाळ!

आम्ही ठाण्यातल्या एका कारखान्याच्या फुटबॉल टीममध्ये एकत्र खेळलेलो. मी फॉरवर्ड, तो मिडफिल्डर. अंगाने किडकिडीत, पळण्यात तर माझ्याहून मठ्ठ. पण बॉल त्याच्याकडे यायच्या आधी तो मान अशी गरकन दोन्ही खांद्यांवरून फिरवायचा, की सगळं मैदान डोळ्यांत भरून झालेलं असायचं. मग माझ्याकडे न बघता पास. मी शिव्या घालत धावायचो, की अरे तिकडे कोण आहे तुझा बाप? आणि पोचलो की बॉल पायाशी! बापाचं मिठागर होतं कोलशेतला, लहानपणी तिथे राबलेला. सांगायचा, ‘‘भरतीचं पाणी येणारच रे, कुठलं दार कधी उघडायचं तेवढंच आपलं काम.’’ मी हसायचो. माझे निम्मे गोल त्याने घडवलेत हे मला पुढे कळलं, तो नसताना मी खेळायला लागलो तेव्हा.

खेळणं सुटलं आणि कोलशेतच्या टुर्नामेंटला त्याच्या हातात माईक आला. पहिल्याच मॅचला गोंधळ. आमच्याकडे भोंगे मैदानाच्या चारही कोपऱ्यांत, त्यामुळे कॉमेंट्री प्रेक्षकांआधी खेळणाऱ्यांना ऐकू येते. हा आपला रंगात येऊन बोलतोय, डावीकडे जागा मोकळी पडली, आता पास तिकडेच जाणार... आणि समोरच्या टीमचा बचावाला असलेला बॅक ते ऐकून डावीकडे धावला की! असं दोनदा झाल्यावर ज्यांचे पास अडले त्यांचा कोच मैदान सोडून याच्या टेबलावर चाल करून आला. त्याला आवरता आवरता आमच्या नाकी नऊ आले. हिरामणने कान धरले. तेव्हापासून त्याची रीत ठरली. पास दिसला की गप्प व्हायचं, बॉल पोचला की मगच बोलायचं. बोलता बोलता भोंगा अचानक शांत झाला की कडेला बसलेल्या म्हाताऱ्यासुद्धा हातातलं काम टाकून मान वर करायच्या. त्याला जे दिसायचं ते आम्हाला घडून गेल्यावर दिसायचं.

पुढे एका चॅनेलने इंग्लंडच्या मॅचेसवर मराठीत बोलायला बोलावलं. तिथेही तेच. सगळे बॉलबद्दल बोलायचे, हा बॉल नसलेल्या माणसाबद्दल. तिकडचा एक जुना खेळाडू इंग्रजीत समालोचन करायचा, तो याचा फार आवडता. इंग्रजी निम्मंच कळायचं, पण मला म्हणाला, हा मिडफिल्डलाच खेळलेला असणार, खुर्चीत बसूनसुद्धा मान फिरवतोय बघ. मी खात्री करून घेतली. पठ्ठ्या खरंच मिडफिल्डर निघाला.

आणि मग कोलशेतच्या टुर्नामेंटची ती फायनल. कोलशेत विरुद्ध आमचं कळवा. कोलशेतचा कॅप्टन राकेश, हिरामणच्या थोरल्या भावाचा, धर्मादादाचा मुलगा. हाफटाइमला कोलशेत एका गोलने मागे. मी टेबलापाशी चहा पीत होतो, तेवढ्यात राकेश आला आणि माझ्यादेखतच काकाला म्हणाला, की एकदाच माईकवर उजवीकडे मोकळं आहे म्हण, कळव्याचा बॅक तुझं ऐकून तिकडे वळेल, आम्ही डावीकडून घुसतो. कप गावात येईल. हिरामणने माईकवर हात ठेवला.

‘‘तो माझ्यावर भरवसा ठेवून वळणार, राकेश. त्याला मी पाडू?’’

कोलशेत हरलं. कप कळव्याला गेला, हाफटाइमची गोष्ट गावभर झाली आणि हिरामण गावाचा वैरी ठरला. राकेशचा राग आठवड्यात गेला, पोरच ते. पण धर्मादादाने बोलणं टाकलं. सख्खे भाऊ, एकाच बिल्डिंगमध्ये वरखाली राहणारे, लिफ्टमध्ये भेटले तरी एक आकडे बघणार, दुसरा चपला. हिरामणला हे फार लागलं होतं. दरवर्षी गणपतीत तो मला विचारायचा, ‘‘दादा बोलेल का रे माझ्याशी?’’ मी म्हणायचो, बोलेल, भाऊ आहे. मला काय ठाऊक होतं!

तेराव्याला कोलशेतला गेलेलो. जेवणं झाल्यावर हिरामणच्या खोलीत डोकावलो, तर धर्मादादा त्याच्या खुर्चीत. टीव्हीवर इंग्लंडची कुठलीशी मॅच लावलेली, आवाज बंद. या माणसाने जन्मात फुटबॉल बघितला नव्हता. मी पलंगावर टेकलो. तो टीव्हीकडे बघतच म्हणाला, की आमच्या गच्चीवर भोंगा ऐकू येतो. दर टुर्नामेंटला मी त्याला ऐकायला वर जायचो. फायनललाही वरच होतो. रात्री राकेशने घरी येऊन सांगितलं, काका नाही म्हणाला. बरं वाटलं मला, पण गाव चिडलेलं, पोर हरून आलेलं, म्हणून त्या रात्री हिरामणकडे गेलो नाही. हिरामण खोटं बोलला असता, तर मी परत गच्चीवर गेलो नसतो.

माझं डोकंच फिरलं. ‘‘अरे दादा, मग हे त्याला का नाही सांगितलंस? तो वाट बघत गेला ना रे!’’

धर्मादादाने पंच्याने तोंड पुसलं.

‘‘पयला कोनी बोलाचा, त्यानच वरसा गेली.’’

आधी कोणी बोलायचं, एवढ्यातच वर्षं गेली! टीव्हीवर हिरवंगार मैदान, कोणीतरी धावत होतं. बंद करायला दोघांपैकी कोणी उठलं नाही.