आबांच्या घराचा चार्ज

मी अमेरिकेला निघाले त्या दिवशी आबा विमानतळावर आले नाहीत. साताऱ्यापर्यंतसुद्धा आले नाहीत. फाटकापाशी उभं राहून त्यांनी गाडीच्या टपावरच्या दोऱ्या दोनदा ओढून पाहिल्या, ड्रायव्हरला खंबाटकीच्या घाटात सावकाश जायला सांगितलं आणि मला म्हणाले, "जा. काम संपलं की ये. तोवर मी आहे इथं." आई पदराने डोळे पुसत होती. गाडी सुरू झाल्यावर मी मागच्या काचेतून पाहिलं, तर आबा आमच्याकडे तोंड करून उलट पावली घराकडे चालले होते. पाठ न फिरवता, एकेक पाऊल मागे टाकत. माझा नवरा सचिन म्हणाला, "सासरेबुवा परेड करतायत काय?" मला हसू आलं. शेवटी ते पायरीला अडखळले आणि आईने त्यांचा दंड धरला, एवढं दिसलं आणि गाडी वळली.

या गोष्टीला सतरा वर्षं झाली. काम संपलेलं नाही.

गावाकडच्या मंडळींनो, तुम्हाला वाटतं मी विसरले. लग्नाच्या पत्रिका पाठवता आणि खाली लिहिता, "येणार तर नाहीसच." तुमचा राग मला कळतो. पण मी ज्या भिंतीआड आहे ती फोटोत दिसत नाही. फोटोत दिसतं अमेरिकेतल्या ट्रॉय गावातलं घर, मागचं हिरवं गवत, दारातली गाडी. मी गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासते. पगार चांगला आहे. पण आमच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प कधीच संपलाय. इथं राहायला तो लागत नाही, बाहेर जाऊन परत आत यायला मात्र लागतो. आणि ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब आहे की आमचा नंबर येईपर्यंत आम्हीच रिटायर होऊ, असं सचिन म्हणतो. आधी तो हे हसत म्हणायचा.

इथल्यांना हे सांगायला नकोच. आपल्या इथल्या मराठी मंडळातला नागपूरचा तो मुलगा सगळ्यांना आठवत असेल. बहिणीच्या लग्नाला पंधरा दिवस म्हणून गेला, परतीच्या व्हिसाच्या स्टॅम्पसाठीची अपॉइंटमेंट वकिलातीने कॅन्सल केली आणि सात महिने तिथंच अडकला. इकडे नोकरी गेली. बायकोने एकटीने घरातलं सामान विकलं. तेव्हापासून आपल्यापैकी कुणी तिकिटाचं नाव काढलं की दुसरा कुणीतरी त्याची आठवण काढतो आणि विषय संपतो.

आई गेली तेव्हा आमच्या इथल्या परवान्याची मुदतवाढ अडकलेली होती. वकीलबाई म्हणाल्या, गेलात तर परत येण्याची खात्री देता येणार नाही. ईरा, आमची मुलगी, तेव्हा बारा वर्षांची होती. ती इथंच जन्मली, म्हणून अमेरिकन नागरिक; भारतात हवं तेव्हा जाऊन परत येऊ शकणारी आमच्यातली ती एकटीच. मी गेले नाही. आईला मी फोनच्या काचेत पाहिलं आणि शेजारच्या सुमनकाकू रडत होत्या, त्यांच्या हातातला फोन हलत होता म्हणून तेही नीट दिसलं नाही. त्या दिवसाबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही आणि कुणी समजूत घातली तर मला संताप येतो.

मग आबा एकटे राहिले. सुभेदार म्हणून रिटायर झालेला माणूस, चहा स्वतः करणार, अंथरूण स्वतः घालणार. गेल्या वर्षी न्हाणीघरात पडले, ते मला चार दिवसांनी सुमनकाकूंकडून कळलं. मी फोनवर ओरडले. "आबा, तुम्ही इकडे या. तुम्हाला व्हिसा मिळेल, मला मिळत नाही." त्यांचं उत्तर ठरलेलं, "रिलीव्हर आल्याशिवाय पोस्ट सोडायची नसते." म्हणजे पहाऱ्यावरच्या शिपायाने त्याची जागा घ्यायला दुसरा येईपर्यंत हलायचं नाही, मग थंडी असो, ताप असो. त्यांचा रिलीव्हर मी. मी आले की ते घर सोडणार. आणि मी काय म्हणायचे? ग्रीन कार्ड आलं की येते. दर रविवारी सकाळी, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी, आम्ही दोघं आपापली जागा धरून हेच बोलत होतो. एका रविवारी मला वाटून गेलं की हेही आईसारखंच संपणार, काचेत.

अशात ईराच्या शाळेतली परिषद आली. मुलं एकेका देशाचे प्रतिनिधी होतात, कोट घालतात, ठराव मांडतात, भांडतात. विषय निघाला काश्मीर. आणि ईराच्या वाट्याला देश आला पाकिस्तान.

आबांची निम्मी नोकरी त्या डोंगरांत गेलेली. मी तिला बजावलं, आबांना यातलं काही सांगायचं नाही. तिने रविवारी फोन हातात घेतला आणि पहिलंच वाक्य म्हणाली, "आबा, आय ॲम पाकिस्तान. मला हेल्प पाहिजे."

मी स्वयंपाकघरातून पळत आले. आबा खुर्ची ओढून फोनपुढे ताठ बसले. मग म्हणाले, "बरं. बाजू घेतलीस तर नीट मांड. अर्धवट काही करायचं नाही."

मग ते दोघं बसले. मी शेजारी बसून मटार सोलत ऐकत होते. ईराने जुना आंतरराष्ट्रीय ठराव काढला होता. लढाई थांबवायची. मग आधी पाकिस्तानने सैन्य काढून घ्यायचं, मग भारताने आपलं बरंचसं सैन्य कमी करायचं आणि त्यानंतर तिथल्या लोकांना विचारायचं, तुम्हाला काय हवं.

"मग? हटलात का तुम्ही?" आबांनी विचारलं. त्यांच्या आवाजाला धार होती.

"नो."

"का नाही? आधी तुम्ही हटायचं होतं. लिहिलंय."

"कारण आम्ही हटलो आणि तुम्ही नाही हटलात तर? गॅरंटी कोण देणार, आबा?"

"तुम्ही हटलाच नाहीत, तर आम्ही कशाला हटू?"

"एक्झॅक्टली," ईरा म्हणाली. "म्हणून सगळे तिथंच आहेत. आणि ज्या लोकांना विचारायचं होतं, त्यांना कोणी विचारलंच नाही."

आबा हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. खिडकीकडे पाहत त्यांनी एक आठवण सांगितली, मी जन्मात ऐकली नव्हती अशी. वर डोंगराच्या कुठल्याशा धारेवर त्यांची तुकडी आणि समोरची तुकडी इतकी जवळ आली होती की एकमेकांचा खोकला ऐकू यायचा. शेवटी दोन्हीकडे हुकूम आला, एकाच वेळी मागे व्हायचं, वीस पावलं. "वीसच पावलं होती, पण पाय उचलेना," आबा म्हणाले. "पुढं जायला शिकवतात, मागं यायला कुणी शिकवत नाही. पाठ फिरवायची नाही. त्याच्या डोळ्यांत बघत उलटं चालायचं. तो थांबला की आपण थांबायचं, तो हलला की आपण हलायचं. खाली आलो तेव्हा पोरं घामानं भिजली होती, बर्फात."

मटार माझ्या हातातच राहिला. फाटकापासून पायरीपर्यंत किती पावलं होती, ते मी कधी मोजलं नव्हतं.

ईराने सगळं लिहून घेतलं. मग वही मिटून माझ्याकडे आणि फोनकडे आळीपाळीने बघत म्हणाली, "यू नो, तू आणि आबा सेम करताय. आबा म्हणतात, तू आलीस की ते निघणार. तू म्हणतेस, कार्ड आलं की मी जाणार. सो हू गोज फर्स्ट?"

मी तिला दटावलं. मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही, वगैरे. आबांनी फोन ठेवून दिला.

परिषदेत ईराने दुरुस्ती मांडली, दोन्ही बाजूंनी एकाच दिवशी, बरोबरीने मागे यावं. मतदानात दुरुस्ती पडली. कोटाच्या बाह्या वर सारून, तोंड पाडून ती घरी आली. आबांनी फोनवर विचारलं, "झाला पास?"

"नाही."

"होत नसतो," आबा म्हणाले. पण दोन दिवसांनी, वार शनिवार नाही की रविवार नाही, त्यांचा फोन आला. मी ऑफिसात होते. मी फोन घेऊन बाहेर धावले. "वैशाली," ते म्हणाले, "तुझे पाय कागदांत अडकलेत, ते मला कळलं. तेव्हा वीस पावलं मीच येतो. पण पोस्ट उघडी टाकून येणार नाही. तुला चार्ज घ्यावा लागेल."

चार्ज म्हणजे काय ते फौजीच्या घरातल्यांना ठाऊक असतं. बदली झालेला माणूस नव्या माणसाला एकेक वस्तू दाखवतो, नवा माणूस ती पाहून घेतो, यादीवर दोघांच्या सह्या होतात. सही झाली की जबाबदारी त्याची. त्याआधी कुणी जागचा हलत नाही.

आबांनी मुंबईला जाऊन व्हिसाची मुलाखत दिली. परत कशावरून याल, असं तिथल्या साहेबाने विचारलं. "घर आहे माझं," म्हणाले. व्हिसा मिळाला. निघायच्या आदल्या दिवशी सुमनकाकूंनी फोन धरला आणि आबा वही घेऊन घरभर फिरले. मी ट्रॉयमध्ये डायनिंग टेबलाशी वहीच्या पानावर यादी उतरवत बसले होते, बाजूला ईरा.

"बोअरची मोटर, एक. स्टार्टर दोनदा दाबावा लागतो."

"घेतली."

"लाकडी शिडी, एक. चौथी पायरी ढिली."

"घेतली."

"देवाचे टाक, पाच. रोजची पूजा सुमनवहिनी करतील."

"घेतले."

"काळी ट्रंक. कुलपं दोन, किल्ल्या तीन. तिसरी कशाची ते आठवत नाही."

ईरा खुदखुदली. मांजरही यादीत होतं, 'आपलं नाही, पण येतं' अशा शेऱ्यासह. कढीपत्त्याचं झाड होतं, नव्या पट्ट्याचं शिलाई मशीन होतं. मग आबा कपाटापाशी थांबले. "आईचा चष्मा, एक. घरासहित." चष्म्याचं ते निळं घर मी आठवीत असताना जत्रेत घेतलं होतं. मी पेन खाली ठेवलं. आबा थांबून राहिले. मी म्हटल्याशिवाय ते पुढे जाणार नव्हते. "घेतला," मी म्हटलं, आणि मग इतकी रडले की सुमनकाकूही तिकडे रडायला लागल्या आणि फोन पुन्हा हलायला लागला.

यादी संपली. मी सही करून फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुलूप लावलं, तेही मी पाहिलं. पायरी उतरले आणि घराकडे तोंड करून फाटकापर्यंत उलट पावली चालत आले. या वेळी मी मोजली. सतरा भरली.

आता आबा इथं आहेत. पाचला उठतात, आंघोळ करून काचेच्या दारापाशी बसतात. "इथली माणसं असतात कुठं?" असं पहिल्या आठवड्यात विचारायचे, आता विचारत नाहीत. सहा लेनच्या रस्त्यापलीकडे त्यांना एकट्याने जाता येत नाही, त्यामुळे घराभोवती फेऱ्या मारतात. "जागा चांगली आहे," म्हणाले, "पण ड्यूटी नाही." ईराच्या बसच्या वेळेला कोपऱ्यावर जाऊन उभे राहतात, ती पंधरा वर्षांची घोडी लाजते, तरी त्यांच्याबरोबर चालत येते. मी त्यांना अडकवलं का, असं मला रोज वाटतं. आणि रोज सकाळी ते दारापाशी बसलेले दिसले की मला इतका आनंद होतो की त्याचीच लाज वाटते.

पाहुण्याला इथं राहायला सहा महिने मिळतात. त्यातले चार संपले. परवा जेवताना आबा म्हणाले, "ती यादी काढून ठेव. जाताना चार्ज परत घ्यायला लागेल."

तुम्ही विचारता, आता घर कुठलं? तिकडचं की इकडचं? पूर्वी मी काहीतरी गोड उत्तर द्यायचे. आता घर म्हणजे वहीचं एक पान आहे. मोटर, शिडी, मांजर, चष्मा, खाली माझी सही. ज्या घराची जबाबदारी माझी आहे त्या घरात मी पाऊल ठेवू शकत नाही, आणि ज्यांना तिथं जाता येतं त्यांच्या हातात आता चार्ज नाही. ते पान इतके दिवस फ्रिजवर लावलेलं होतं. त्याच दुपारी, सगळे झोपलेले असताना, मी ते काढलं आणि माझ्या पासपोर्टच्या पाकिटात, त्या संपलेल्या स्टॅम्पच्या पानाला लागून ठेवून दिलं.

"यादी कुठं दिसत नाही," मी आबांना सांगितलं. "ती सापडल्याशिवाय चार्ज कसा देणार?"

आबांनी फ्रिजच्या रिकाम्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. फौजेत आयुष्य गेलेला माणूस, त्याच्यापासून काय लपणार.

"शोध सावकाश," म्हणाले, आणि पुन्हा विचारलं नाही.