ताटातल्या तांदळावरचं नाव

आमच्या वसुंधरावहिनी एकदा पेटल्या की त्यांना आवरणं माझ्या भावालाही कधी जमलं नाही, मी तर धाकटा दीर! इथे परदेशात, जॉन्सनव्हिलच्या फार्मसीत काम करतात, आवाज मात्र रस्त्यापर्यंत येतो.

या वेळी पेटल्या त्या वंशावळ कार्यालयावर. घराण्यांची चिन्हं आणि वंशावळी नोंदवणाऱ्या या सरकारी कचेरीत त्यांनी माहेरची नोंद करायला घेतली. उत्तर आलं: स्नेहलताबाईंना, म्हणजे वहिनींच्या आईंना, वासंती नावाची एकच मुलगी, वसुंधरा त्यांची कोणी नव्हे. आता आपल्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. वासंतीची वसुंधरा तिथेच झाली. कायद्याला मात्र नाव बदलल्याचा कागद हवा! स्नेहलताबाई नव्वदीच्या, लेकीकडेच राहतात. "म्हणजे ही माझी नाही?" एवढंच म्हणाल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत.

कायदा सुधारायचं विधेयक नेमकं तेव्हा संसदेच्या समितीपुढे होतं, आणि तिथे कोणीही जाऊन म्हणणं मांडू शकतं. वहिनी निघाल्या. पिशवीत ताट, तांदूळ, अंगठी.

"वहिनी, सिक्युरिटीवाले अडवतील हं."

"अडवू देत. त्यांच्या डोक्यावरही अक्षता टाकीन."

समितीपुढे त्यांनी तांदूळ पसरले आणि अंगठीने 'वसुंधरा' लिहिलं. अध्यक्षबाई माओरी होत्या, इथल्या मूळ रहिवाशांपैकी. पुढे वाकून त्यांनी विचारलं, "आणि आधीचं नाव?"

वहिनींनी तांदळावरून तळवा फिरवला. "ते असं जातं. कागद कुठून आणू? पण माझी आई आहे ना, तिला विचारा."

"आमच्यातही वंश आजीच्याच तोंडून कळतो," अध्यक्षबाई म्हणाल्या. मला तिथेच टाळ्या पिटाव्याशा वाटल्या.

आणि कायदा बदलला की हो! घरातल्या वडीलधाऱ्यांची शपथेवरची साक्ष चालेल, असं कलम आलं. आमची अख्खी वरात कचेरीत. वहिनींची नात इरा दुभाषी.

"पणजी, ही इज आस्किंग, वासंती कोण?"

स्नेहलताबाईंनी समोरच्या कारकुनाला नीट न्याहाळलं. मग मान वळवून खणखणीत हाक मारली, "वासंती!"

"ओ, आई!" वहिनी ताडकन उभ्या राहिल्या.

स्नेहलताबाई कारकुनाला म्हणाल्या, "हं, आता लिही."