ताईंनी पाठ केलेली यादी

सुनंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मांजरसुंब्याच्या ढाब्यावर शेवभाजीत भाकरी चुरत होतो. त्यांच्या धाकट्या बहिणीचा फोन होता. "गंगाधरभाऊ, ताई गेली... सकाळी चहा ठेवला आन तिथंच बसली." वीस वर्षांची सोबत, माणसाच्या डोळ्यांत पाणी यायला पाहिजे. मला मात्र पहिला विचार आला तो यादीचा. ती यादी आता कुठं शोधायची? मग स्वतःचीच लाज वाटली. पुढची भाकरी तशीच ताटात राहिली. ती तरी राहिली, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल.

ताई बीडच्या कोर्टात वकिली करायच्या आणि कोर्टासमोरच्या माझ्या टायपिंगच्या दुकानातून त्यांची कागदपत्रं निघायची. माझं इंग्रजी असं, की साहेबाला अर्ज लिहिला तर साहेब घाबरून मंजूर करायचा. तरी ताईंनी मलाच धरलं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भपिशवी काढली जाते, हे जिल्ह्यात सगळ्यांना माहीत होतं. उसाच्या फडात पाळीच्या दिवसांत विसावा नाही, पोट दुखतं म्हणून दवाखान्यात गेलं की डॉक्टर सांगणार, काढून टाका, न्हाईतर क्यान्सर व्हईल. तिशीच्या आत पिशवी गेलेल्या अकरा जणी ताईंशी बोलायला तयार झाल्या होत्या. अट एकच : नाव बाहेर जायचं नाही.

हे सगळं कुठं पाठवायचं, तर जिनिव्हाला. बायकांशी भेदभाव करणार नाही, असा एक आंतरराष्ट्रीय करार आपल्या देशानं मान्य केलेला आहे. तो पाळला की नाही याचा अहवाल सरकारनं दर काही वर्षांनी तिथल्या समितीला द्यायचा असतो. पण सरकार स्वतःच्या प्रगतिपुस्तकावर स्वतःच सही करणार, म्हणून समिती आपल्यासारख्यांचेही अहवाल वाचते आणि त्यावरून सरकारला समोर बसवून प्रश्न विचारते. मी ताईंना विचारलं होतं, "मग पोलीस पाठवतेत का?" ताई हसल्या. "पोलीस न्हाईत त्यांच्याकडं. नुस्ते प्रश्न हायेत. उत्तर न्हाई आलं की परत विचारतेत. मग परत." मी म्हणालो, "असं तर माझी बायको बी करती." "मग? तुमी सुधारलात की नाही थोडे?"

आता माझा पराक्रम. अहवाल पाठवायच्या दिवशी ताई सुनावणीला होत्या आणि मला म्हणाल्या, तेवढा चढवून द्या. चढवताना एक प्रश्न आला : हा समितीच्या वेबसाइटवर सगळ्यांना दिसू द्यायचा का? ताईंना विचारायला हवं होतं. पण माझा मेहुणा पुण्यात कंपनीत आहे आणि दर दिवाळीला विचारतो, "दाजी, टायपिंग अजून चालतं का?" माझं काम जिनिव्हाच्या पाटीवर झळकलेलं त्याला दाखवायचं होतं. मी 'हो'वर टिचकी मारली. आठ-दहा दिवसांनी, शनिवारी सकाळी पाहिलं, तर ते झळकलेलं. लगेच लिंक मेहुण्याला आणि आमच्या दहावीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून दिली. तासाभरात मेहुण्याचा फोन. "दाजी, लई भारी. पण ही शेवटच्या पानावर नावं कुणाची हायेत? ही मंदा आपल्याकडची का?"

शेवटचं पान. ताईंच्या टिपणासाठी केलेला तक्ता : नाव, गाव, तोडीला नेणारा मुकादम कोण, दवाखाना कुठला. तो मी सगळ्या पानांबरोबर एकाच फायलीत जोडून दिला होता.

मी चपला न घालता ताईंच्या खोलीवर गेलो. वाटलं, झोडतील. त्यांनी फक्त विचारलं, "अजून कुणाला पाठवलं?" ग्रुपचं सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मग समितीच्या कार्यालयाला ईमेल लिहिला : नावं चुकून गेलीत, पान ताबडतोब काढा, बायकांवर सूड उगवला जाण्याची भीती आहे. पण शनिवार. तिथं सुट्टी. ताईंनी झोळी उचलली. "चला. एकेकीला सांगायचं. तुमीच सांगायचं. मी नुस्ती उभी राहीन."

दोन दिवस एसटी आणि रिक्षा. मंदाच्या दारात (नाव मी बदललंय, गावाचंही लिहिलं होतं, ते खोडलं. म्हटलं ना, सुधारलोय थोडा) मी चूक कबूल केली. ती ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं. "कावून टाकलं वो दादा? तुमाला आमी काय केलतं?" मेहुण्याला दाखवायला, असं कसं सांगणार? ती हळूच म्हणाली, "मुकादमाला कळलं तर औंदा टोळीत घेणार न्हाई. आन घेतलं... तर मंग तिथं फडात आमी आन तोच." तेवढ्यात दारासमोर मोटरसायकल थांबली. कुणीतरी फोनवर बोलत होता, बोलला आणि गेला. मंदाचा हात सुपावर तसाच होता. त्या मोटरसायकलचा आवाज मला अजून ऐकू येतो.

सोमवारी दुपारी ते पान निघालं. ग्रुपवर लिंक कुणी उघडलेली दिसत नव्हती. एकानं नुसते हात जोडले होते. माझं काहीच कुणी वाचत नाही याचा असा आनंद मला आयुष्यात एकदाच झाला. पण मधल्या वेळात आणखी कुणी पाहिलं असेल का, हे कधीच कळलं नाही. त्याच संध्याकाळी ताईंनी माझ्या कॉम्प्युटरवरचा तक्ता पुसायला लावला आणि छापलेला बादलीत भिजवून त्याचा लगदा केला. नंतर परत फिरून अकरा जणींना अकरा आकडे दिले, जिचा तिला एकटीला कानात सांगितला, आणि सगळी यादी स्वतः पाठ केली. मला म्हणाल्या, "कुठला आकडा कुणाचा, तुमाला सांगणार न्हाई. राग आला?" राग कसला, मला सुटल्यासारखं झालं.

पुढं समितीनं सरकारला विचारलं आणि शिफारशी केल्या. काहींवर दोन वर्षांत काय केलं ते कळवा, असंही म्हटलं. त्या मुदतीला आता तीन महिने राहिलेत. बायकांचं पुढं काय झालं, तपासणी झाली का, औषध मिळालं का, हे आपल्या बाजूनंही जायला हवं. आणि कुठला आकडा कुणाचा, ती यादी ताईंबरोबर गेली. माझ्याकडं उरले नुसते आकडे. दारं आठवून, विचारत गावोगाव फिरलो, तर तेव्हा दोन दिवस नावं उघडी पडली तशी मी रोज पाडणार. आणि गप्प बसलो तर समितीपुढं फक्त सरकारचंच उत्तर राहणार.

तेराव्यानंतर बहिणीनं ताईंचा फोन माझ्याकडं दिला, पक्षकारांचे फोन घ्यायला. ताईंच्या खोलीत त्यांच्या खुर्चीसमोरच्या स्टुलावर बसून मी ते घेतो. खुर्चीवर बसवत नाही. गेल्या आठवड्यात भर दुपारी एक फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता.

"ताई गेल्या म्हणं?"

"हो. आपण कोण?" जीभ सवयीनं गेलीच.

"तुमीच का ते, नाव छापणारे?"

"...हो."

"मंग आता इचारू नका. मी सहा नंबर. लिवा."

आवाज ओळखीचा वाटला. ओळखायचा नाही, असं ठरवलं. (सहा हा आकडाही खरा नाही.) कागद ओढला. कंबर धरते, गोळ्या एकदाच मिळाल्या, तपासायला एक बाई आली होती ती नुसती सही घेऊन गेली... ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. शेवटी म्हणाली, "बाकीच्यांना मी सांगती. त्या करतील. तुमी कुणाला करू नका."

आठ जणींचे फोन आलेत. तिघींचे अजून नाहीत. त्या कुठं आहेत, कुणी त्यांना गाठलंय का, की नुसता फोनच नाही त्यांच्याकडं, मला माहीत नाही आणि विचारायचीही सोय नाही. ताईंचा फोन मी दुपारीही चार्जिंगवरून काढत नाही. वाजला की छातीत धस्स होतं; आणि दिवसभर वाजला नाही, तर जास्त.