पाणी चालू आहे, असं मी ओरडले

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुमच्यापुढे जमेल — बघते.

मी सोलापूरची. सातवीत शाळा सुटली, लग्नानंतर नवऱ्याबरोबर इथे बुऱ्हाणपूरला आले. तो पॉवरलूमवर. गाव परकं, बोली अर्धी हिंदी, पाणी कुठे भरायचं हे विचारायचीसुद्धा मला धास्ती. कोपऱ्यावरच्या किराणावाल्या दिलीपभाऊंनी आम्हाला खोली मिळवून दिली. पहिल्या उन्हाळ्यात टँकरपाशी माझा हंडा त्यांनीच पुढे सरकवला, बायकांना म्हणाले, "अगं, ही आपलीच वहिनी आहे, घ्या ना हिला सोबत." हे उपकार मी विसरले असते, तर निदान तेवढं तरी म्हणता आलं असतं. मी विसरले नव्हते.

पण आधी कुंडीचं सांगायला हवं. सातपुड्याकडून गावाकडे जमिनीखालून पाण्याचा एक जुना बोगदा येतो, बादशाही काळातला. त्यावर जागोजागी विहिरीसारखी तोंडं आहेत, त्यांनाच कुंडी म्हणतात. आमच्या वस्तीमागे केळीचं शेत होतं. ते गेलं, प्लॉट पडले आणि तिथल्या कुंडीत बिल्डरचा मलबा पडायला लागला. दरवर्षी ऊन वाढतंय, बोअर आटतायत, आणि खालून येणारं पाणीच बुजवायचं? आम्ही बायका आणि दिलीपभाऊ रोज तिथे जाऊन बसायला लागलो. खरं सांगू? इतकी मजा मी माहेरीही केली नव्हती. डंपर आला की आम्ही भजन सुरू करायचो. ड्रायव्हर इंजिन बंद करून ऐकत बसायचा, वर "मौसी, एक और" म्हणायचा!

मग एक साहेब पाहणीला आले. म्हणाले, ही कुंडी मेलेली आहे, जिवंत असेल तर दाखवा. आमच्या मंडळींनी ठरवलं — वरच्या कुंडीत झेंडू टाकायचा, पाणी वाहत असेल तर खाली आमच्या कुंडीत येईलच. टोपलीभर फुलं वर टाकली. खाली दिलीपभाऊ टॉर्च घेऊन वाकले, मी तळाशी साचलेल्या पाण्यात बादली सोडत होते, ओढत होते.

फुलं येईनात.

ऊन चढलं. साहेब जीपकडे वळले. आणि मी — कसं लिहू? टोपलीसाठी हारातली फुलं सुटी करताना दोन माझ्या पदरात राहिली होती. बादली काठाशी आली तशी मी ती आत टाकली. आणि ओरडले, "आलं! पाणी चालू आहे!"

मग काय विचारता! कुणी माझा मुका घेतला, कुणी फुगडी घातली, "आ गया, आ गया" करत पोरं धावली. फक्त दिलीपभाऊंनी बादलीतलं फूल उचलून बोटांत फिरवलं. हळूच म्हणाले, "हे तर वरच्या बाजूनं कोरडंच आहे. मला तर खाली एकही दिसलं नाही."

"चष्मा बदला, भाऊ!" कुणीतरी म्हणालं. दुसरी म्हणाली, "बिल्डरनं कोपऱ्याचा प्लॉट दिला वाटतं!" सगळे हसले. दिलीपभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. तेवढंच. मी बादलीकडे बघत राहिले.

बिल्डरचं काम थांबलं. त्या थट्टेचं मात्र हळूहळू खरं झालं. बिल्डरचा माणूस, असं लोक दिलीपभाऊंच्या दुकानासमोर बोलायला लागले. बायका पलीकडच्या दुकानात जायला लागल्या — मीसुद्धा. भाऊंनी कुंडीवरच्या बैठकीला येणं सोडलं. आणि मी झाले फूलवाली वहिनी. परक्या गावात मला पहिल्यांदा नाव मिळालं होतं. ते मला फार आवडलं.

पुढे आम्ही हातानं मलबा काढला, गाळ उपसला, आणि पाणी आलं. खरंच आलं, थंडगार, बोगद्यातून झुळझुळत. पण ते नंतर. त्या दिवशी वाट बंद होती, आणि दिलीपभाऊ दिसलं तेच बोलले होते. खोटं मी बोलले. काम पुन्हा सुरू होईल म्हणून गप्प राहिले, असं मी मनाला सांगायचे. पाणी आल्यावर ती भीतीही उरली नाही. तरी गप्पच होते.

परवा कुंडीपाशी आमचं वरण-बट्टीचं जेवण होतं. शेंगदाण्याची चटणी माझी, बायका बोटं चाटत होत्या. दिलीपभाऊ सायकलवरून जाताना दिसले. एक जण ओरडली, "भाऊ, आता तरी दिसतं का पाणी?" ते थांबले नाहीत. सगळ्या हसल्या. मीही हसले — आणि लोकांसाठी म्हणून नाही. त्या क्षणी मला खरंच मजा येत होती.