कमल, ॲमीटर आणि माझा हेवा

कमल काल सकाळी गेली.

फोन ठेवला आणि पहिला विचार आला, सुटले एकदाची.

हे वाचून माझे विद्यार्थी दचकतील. दचकू देत. बाईंनी चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं म्हणून बाई चांगल्याच असतात असं नाही.

कमल आणि मी चिखलीला मॅट्रिकच्या वर्गात होतो. सायन्सला आम्ही दोघीच मुली. मी कारकुनाची मुलगी, घर शाळेच्या मागेच. ती पिंपळगाव राजाची, शेतकऱ्याच्या घरची, मामाकडे राहून शिकायची.

मी सूत्रं घोकायचे. व्होल्टेज भागिले करंट, रेझिस्टन्स. व्होल्टेज गुणिले करंट, पॉवर.

ती काहीच घोकायची नाही.

"पाठ काय करायचं वं त्यात? ढकलून किती राह्यलं आन् जाऊन किती राह्यलं, येवढं पाह्य. अडून किती राह्यलं ते आपोआप समजते."

हे वाक्य पुढे मी वर्गात वापरलं. दरवर्षी. माझं म्हणून.

सर तिची वही इतर मुलांना दाखवायचे. माझ्या वहीवर फक्त ‘गुड’ लिहायचे.

तो ‘गुड’ मला अजून टोचतो.

शेवटच्या वर्षी हेडमास्तरांनी सांगितलं, प्रॅक्टिकलला दोघींपैकी जी पुढे येईल तिची अमरावतीच्या कॉलेजला शिफारस करू. होस्टेलसकट.

एकीचीच.

ॲमीटर शाळेत एकच होता. आधी माझा नंबर. तारेच्या एका वेटोळ्याचा रेझिस्टन्स काढायचा, मग पॉवर.

वायर जोडण्याआधीच मला दिसलं. करंट नाही, तरी काटा शून्यावर नाही. एक रेघ पुढे, पॉइंट वनवर.

मी तेवढं वजा केलं. व्होल्टमीटरवर तीन व्होल्ट. ॲमीटरवर पॉइंट सिक्स, म्हणजे खरा करंट पॉइंट फाइव्ह. सहा ओहम. दीड वॅट.

वजा केलं नसतं तर पाच ओहम आले असते. पॉवरही चुकली असती.

मग कमल आली. हळूच विचारलं, "मीटर बरोबर हाय ना वं?"

मी म्हटलं, "हो."

शिफारस माझी झाली.

मी अमरावतीला गेले, बी.एस्सी. झाले, चिखलीला शिक्षिका म्हणून परत आले. कमलचं लग्न वडनेर भोलजीला झालं. लग्नाला गेले होते. तिच्या डोळ्यांकडे बघायचं टाळलं.

त्या प्रॅक्टिकलनंतर दहा-अकरा वर्षांनी वडनेरला चुलत बहिणीकडे गेले. तिच्या बाळाला इंजेक्शन द्यायचं होतं म्हणून तिच्याबरोबर गावच्या दवाखान्यात.

नर्सबाई रडकुंडीला आलेल्या. सुया उकळायची विजेची शेगडी चालू होती, पण पाणी काही उकळेना. बाहेर बायका लेकरं घेऊन सकाळपासून बसलेल्या.

मी पुढे झाले. "कॉइल जुनी झालीय. नवी शेगडी मागवा."

नर्सबाई म्हणाल्या, "थांबा, कमलबाईले बलावते."

कमल शेतातून तशीच आली. पायाला चिखल. सोबत विहिरीच्या मोटारी दुरुस्त करणारा मिस्त्री, त्याच्या पिशवीत दोन मीटर. मला बघून हसली. "अवं नलू! कवा आली?"

मिस्त्रीनं मीटर जोडले. ती वाकून बघत मोठ्यानं बोलत होती.

"एकशेसाठ व्होल्ट. तीन अँपिअर. म्हणजे त्रेपन्न ओहम. हजार वॅटच्या शेगडीले येवढंच पाह्यजे. शेगडी चांगली हाय."

मग थांबली. "पण एकशेसाठ गुणिले तीन, चारशे ऐंशी. हजाराची शेगडी अर्ध्यानंच तापून राह्यली. नवी आणली तरी तेच होईन. लाइन कमजोर हाय. लाइनमनले बलावा."

खांबावरचा एक जोड सैल निघाला. लाइनमननं तो आवळला आणि थोड्या वेळात पाणी खळखळलं.

नर्सबाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुमी सायन्सच्या ना?"

कमल मला घरी घेऊन गेली. चहा ठेवला. मला तिचं ते हसणं सहन होईना.

मी म्हटलं, "तू अमरावतीला गेली नाहीस ना, ते माझ्यामुळे. काटा पुढे होता. मला माहीत होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही."

खरं लिहिते. ती माफी नव्हती. तिला कुठेतरी लागावं म्हणून बोलले.

ती बशीत चहा ओतत होती.

"मले दिसला होता काटा. तू इतकी झटकन हो म्हणाली, म्हून म्या पुन्हा वाकून पाह्यलं. सहा ओहम, दीड वॅट. बरोबरच होतं माह्यं."

"मग?"

"सरांनी पयलं नाव माह्यंच काढलं होतं. माह्या बाप नाही म्हणे. पोरगी येवढ्या दूर ठेवत नाही म्हणे. मंग तुयं नाव गेलं."

"आणि मला कधी बोलली नाहीस?"

"काऊन बोलू? तू पेटी भरून राह्यली होती."

अकरा वर्षं मला वाटत होतं, मी तिची जागा चोरली. चोरली नव्हतीच. तिला जाता आलं नाही म्हणून ती मला मिळाली होती.

सांगू का, त्यापेक्षा चोर असते तर बरं वाटलं असतं.

पुढेही भेटत राहिलो. त्यानंतर तिला मी कधी दुखावलं नाही. हेवाही सोडला नाही.

काल दुपारी वडनेरला गेले. अख्खं गाव आलं होतं. नांदुऱ्याहून जीप भरून माणसं. मला उभं राहवेना तेव्हा एका म्हाताऱ्यानं खुर्ची आणून दिली. मी त्याला विचारलं, तुम्ही कमलचे कोण?

"कोणी नाही जी. आमच्या विहिरीची मोटार दरसाल जळे. कमलबाईनं थांबवलं ते."

तिथे बसून, तिच्यासमोर, माझ्या मनात आलंच. माझ्या वेळी एवढे लोक येतील का?

कमल, तुला माझा शेवटचा नमस्कार.

सुखानं जा वं.