साखरपुड्याला नेलेला विग

मनात एक आणि तोंडात दुसरं, असं ज्याला आयुष्यात एकदाही जमलेलं नाही असं एकच माणूस मी पाहिलंय, आणि ते म्हणजे माझी मोठी नणंद. रावेरला केळीच्या बागेला लागून त्यांचं घर. सगळे त्यांना अक्का म्हणतात आणि जरा जपूनच असतात. लेकीला बघायला आलेल्या पाहुण्यांना त्यांनी पोह्यांच्या बशीबरोबरच सांगून टाकलं होतं, "पोरगी गुणाची हाये, फक्त घोरते." (लग्न जमलं. जावईही घोरतो, हे नंतर कळलं.) एकदा कुणाच्या सांत्वनाला गेलो, सगळ्या बायका डोळ्यांना पदर लावून बसलेल्या, तर अक्का म्हणाल्या, "माणूस चांगला होता व, पण कटकट्या भलता." त्या घरच्या बाईने पदराआडून चक्क मान हलवली. फोनवर तर त्या अशा बोलतात, की रावेरहून जळगावला आवाज पोचवायला मध्ये फोन कशाला लागतो, असा मला प्रश्न पडतो.

तर अशा अक्कांकडे, त्यांच्या मुलाच्या साखरपुड्याला मला जायचं होतं. त्याआधी सहा महिने मी दवाखाना सोडला तर घराबाहेर पडले नव्हते. छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, केमो झाली, आणि माझी कमरेपर्यंतची वेणी उशीवर, फरशीवर, मोरीच्या जाळीत अशी थोडी थोडी करून गेली. मी शाळेत मराठी शिकवते. 'खरे सौंदर्य' या विषयावर वर्षानुवर्षं मुलींकडून निबंध लिहून घेतले, अंतःकरण वगैरे शब्दांना जादा मार्क दिले. आणि आता दूधवाला आला तरी दाराआडून नुसतं पातेलं पुढे करत होते. साखरपुड्यासाठी विग आणला. तो घातला की कपाळावर एखादी मांजर अंग टाकून झोपल्यासारखी दिसायची.

"बरा दिसतो ना?" मी नवऱ्याला विचारलं.

"एकदम नॅचरल," ते वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले.

रावेरला पोचलो तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं. विगखालून घामाच्या धारा लागलेल्या. मांडवात चाळीसेक बायका होत्या. मला पाहताच बोलणी थांबली. कुणी बागेकडे, कुणी स्वतःच्या बांगड्यांकडे बघायला लागली. अक्का पुढे आल्या. मी नमस्काराला वाकले आणि विग सरकून थेट त्यांच्या पायांवर पडला. मांडवात पंख्याचा तेवढा आवाज उरला. मला तसंच वाकून राहावंसं वाटलं, निदान चार-पाच वर्षं.

अक्कांनी विग उचलून उलटापालटा करून पाहिला. "काय व हे? इतल्या उन्हात हे घालून आली? डोकं शिजीन ना तुझं!"

"अक्का, लोक बघतील..."

"मंग बघू दे ना. बघायलेच तं बोलावलं सगळ्यायले."

आणि केळीच्या घडावरून फिरवावा तसा त्यांनी माझ्या टाळूवरून तळहात फिरवला. "माय व! किती गोल डोकं हाये तुझं! इतली वर्षं उगाच दडवून ठेवलं."

कुणीतरी फिसकन हसलं. मग मी हसले, आणि थांबवता थांबेना. डोळेही वाहायला लागले, ते घामात खपून गेले. अक्कांनी खोबरेल तेलाची बाटली मागवून तिथेच माझ्या डोक्याला तेल चोळलं. साखरपुड्याच्या सगळ्या फोटोंत मी नवरीपेक्षा जास्त चमकते आहे.

याला दोन वर्षं झाली. माझे केस आले. आखूड, कुरळे, कुणा दुसऱ्याचे असावेत तसे. गेल्या महिन्यात अक्का डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहिल्या. वाकायचं नाही, हात वर करायचे नाहीत, म्हणून सकाळी त्यांचा अंबाडा मी घालायची. पहिल्या दिवशी पदर बाजूला केला तर भांग बोटभर रुंद झालेला, टाळू दिसत होती, आणि अंबाडा जेमतेम लिंबाएवढा.

"कसे हायेत व माझे केस?" अक्कांनी विचारलं.

"चांगले दाट आहेत की," मी म्हणाले.

मी सावकाश विंचरत राहिले, फणीत आलेले केस त्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून मुठीत धरून.